पिठाची गिरणी आणि जर्मनीतलं औषधाचं दुकान

गेल्या दिवाळीतली गोष्ट. ताई आणि माझा भाचा पुण्याहून आले होते. भाच्याची गाडी विजेवर चालणारी. ताईचं डायलिसिस दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पुण्यात ठरलेलं. रात्री आठला भाचा गाडी चार्ज करायला हायवेवरच्या पंपावर गेला आणि हात हलवत परत आला. मशीन होतं, पण त्यावर 'बंद आहे' असा कागद चिकटवलेला. बॅटरी राहिली होती अठरा टक्के, पुणे एकशे चाळीस किलोमीटर!

"मामा, आता काय करायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या जुन्या घराच्या वायरिंगवर रात्रभर भार टाकायची माझी छाती होईना. शेवटी आठवण झाली कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीची. गिरणीवाला माझा जुना विद्यार्थी. त्याच्याकडे पंधरा अँपिअरचा पॉइंट, अर्थिंग चोख. त्याने शटर उघडलं आणि गाडी लावून घेतली. तासाला जेमतेम तीन युनिट जात होते, म्हणजे पूर्ण रात्रीचं काम. मला काही झोप लागली नाही.

जागेपणी मला वर्गात अनेकदा सांगितलेली बर्था बेंझ आठवली. ऑगस्ट १८८८ मध्ये ही बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याने बनवलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्ट्सहाइमला माहेरी निघाली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. वाटेत इंधन संपत आलं. पेट्रोल पंप तेव्हा जगात कुठेच नव्हता. वीसलोख नावाच्या लहानशा गावात तिने औषधाच्या दुकानातून लिग्रोइन विकत घेतलं. डाग काढायला वापरायचं ते द्रव्य! आज तेच दुकान जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ओळखलं जातं.

विजेच्या गाड्या काही आजच्या नाहीत. १८९७ साली लंडनच्या रस्त्यांवर विजेच्या टॅक्सी धावत होत्या. १८९९ मध्ये ताशी शंभर किलोमीटरचा वेग प्रथम ओलांडला तोही विजेच्याच गाडीने. मग त्या मागे का पडल्या? १९०८ साली फोर्डची स्वस्त 'मॉडेल टी' आली, १९१२ मध्ये कॅडिलॅकला विजेचा स्टार्टर बसला आणि हँडल मारायची कटकट गेली, हे तर झालंच. पण मला मोठं वाटतं ते कारण वेगळं. पेट्रोल डब्यात भरून खेड्यातल्या दुकानातही ठेवता येत होतं, वीज ठेवता येत नव्हती. अमेरिकेत १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत दहापैकी नऊ शेतघरांत वीज नव्हती. विजेची गाडी शहराची वेस ओलांडू शकली नाही, म्हणून हरली.

आज गंमत उलटी आहे. वीज आमच्या वाडीवस्तीवर पोचली आहे, पण वाटसरूला ती मिळायची जागा नाही. पूर्वी रस्त्याकडेला पाणपोई असे, तसं काही हवं. एप्रिल २०१८ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केलं, की गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीज विकणं नव्हे. त्यासाठी परवाना लागत नाही. मग रीतसर जोडणी घेऊन गिरणीवाला, पंक्चरवाला, खानावळवाला हे काम का करू शकणार नाही? हायवेवरचं मोठं मशीन तासाभरात काम करतं हे खरं, पण ते बंद पडलं तर दुसरी सोय हवीच ना?

सकाळी सहाला गाडी निघाली. ताई साडेनऊला हॉस्पिटलात पोचली. भाच्याचा फोन आला तेव्हा मी देवापुढे उभा होतो.

नंतर पैसे द्यायला गेलो, तर गिरणीवाला घेईना. "सर, तुमच्याकडनं काय घ्यायचं?" मी म्हटलं, "बाबा रे, आज घेऊ नकोस, पण उद्यापासून भिंतीवर दर लिहून ठेव. उद्या येणारा तुझ्या सरांचा भाचा असेलच असं नाही."

तो हसला. पाटी अजून लागलेली नाही. मी रोज दळणाच्या निमित्ताने आठवण करतो. असो.