रिमांड होम म्हणजे तुरुंग नव्हे : पालकांना माहीत हवे असे काही

धाराशिव जिल्ह्यात आजही 'रिमांड होम' हाच शब्द लोकांच्या तोंडी आहे. पोरगं तिथं गेलं म्हणजे वाया गेलं, अशा समजुतीने अनेक पालक तिकडे फिरकत नाहीत. कायदा मात्र वेगळे सांगतो.

बाल न्याय अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालील मुलाला त्यात 'विधी संघर्षग्रस्त बालक' म्हटले आहे. त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांत बाल न्याय मंडळासमोर हजर करावे लागते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्यांपैकी किमान एक महिला असते.

तीन प्रकारच्या संस्था

निरीक्षणगृह : चौकशी चालू असताना तात्पुरता निवास.

विशेष गृह : दोष सिद्ध झाल्यावर, जास्तीत जास्त तीन वर्षे. शिक्षण, कौशल्य प्रशिक्षण व समुपदेशन आवश्यक.

सुरक्षित ठिकाण : अठरा वर्षे ओलांडलेल्यांसाठी आणि अतिगंभीर गुन्ह्यातील सोळा ते अठरा वयोगटासाठी.

मात्र संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय आहे, हे याच कायद्याचे तत्त्व आहे.

जामीन हा नियम

कलम १२ नुसार जामीन, जामीनदार असो वा नसो, द्यायचा असतो. सुटकेमुळे मूल गुन्हेगारांच्या संगतीत किंवा धोक्यात जाणार असेल, अथवा न्यायाचा हेतू विफल होणार असेल, तरच तो नाकारता येतो. अटी सात दिवसांत पूर्ण झाल्या नाहीत, तर त्या बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळासमोर न्यावे लागते. आई-बाप ऊसतोडीला परजिल्ह्यात असतील, तर ही तरतूद फार मोलाची आहे. आजी, मामा, चुलता यांनी मंडळासमोर उभे राहावे आणि परिविक्षा अधिकाऱ्याला घरची परिस्थिती खरी सांगावी. त्याच्या सामाजिक तपासणी अहवालाला मंडळापुढे वजन असते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

शिक्का कायमचा नाही

कलम २४ नुसार दोषी ठरल्याने पुढे नोकरी-शिक्षणात अपात्रता येत नाही आणि ठरावीक काळानंतर नोंदीही नष्ट केल्या जातात. अपवाद एकच : सोळा वर्षांवरील ज्या मुलाचा खटला प्रौढाप्रमाणे चालला, तो.

पारधी समाजावरचा 'गुन्हेगार जमात' हा शिक्का कायद्याने १९५२ मध्ये पुसला, गावाच्या नजरेतून तो अजून गेलेला नाही. मुलाच्या बाबतीत तरी तीच चूक आपण करू नये. घरी परतलेल्या पोराला शाळेत आणि वस्तीत जागा दिली, तरच पुनर्वसन पूर्ण होते.