'आप जैसा कोई' आणि त्याचं खानदान

आमच्या कन्हानच्या वरातींत एखादं गाणं मूळ रूपात वाजल्याचं मला तरी आठवत नाही. आधी बँडवाले होते, मग कॅसिओवाला ऑर्केस्ट्रा आला, मग भिंतीएवढे स्पीकर घेऊन डीजे. गाणी मात्र फिरून फिरून तीच. त्यातलंच एक 'आप जैसा कोई'. आज त्या गाण्याच्या खानदानाबद्दल लिहायचं आहे.

साल १९८०. फिरोज खानचा 'कुर्बानी'. संगीत कल्याणजी-आनंदजींचं, पण हे एक गाणं तेवढं बिद्दूचं. बिद्दू मूळचा बंगलोरचा, लंडनला जाऊन स्थिरावलेला. १९७४ साली जगभर गाजलेलं 'कुंग फू फायटिंग' त्यानेच घडवलेलं. गायिका नाझिया हसन. जन्म कराचीचा, शिक्षण लंडनमध्ये, आणि सिनेमा आला तेव्हा वय अवघं पंधरा! पडद्यावर झीनत अमान. १९८१ साली या गाण्यासाठी नाझियाला फिल्मफेअर मिळालं.

तेव्हाच्या हिंदी गाण्यांत व्हायोलिनचा ताफाच्या ताफा असायचा. इथे वाद्यं मोजकी, आणि प्रत्येकाला मोकळी जागा. खाली बेस गिटार आपल्या चालीने चाललेली, ठेका शेवटपर्यंत न हलणारा, आणि त्यावर तो कोवळा, किंचित सपाट, घुमणारा आवाज. ना मुरकी, ना तान. चाल इतकी सोपी की आमच्या आत्याने दोनदा ऐकून म्हणून दाखवली. मोठे काका मात्र म्हणाले, "काऊन गं, ही पोरगी विहिरीत उतरून गाते का?" काकांनी थट्टेत म्हटलं खरं, पण मर्म बरोबर पकडलं होतं. त्या गाण्यात घुमारा हेच एक वाद्य आहे. गळा आणि यंत्र वेगळं काढताच येत नाही.

म्हणूनच आमच्या बँडवाल्यांनी ते क्लॅरिनेटवर वाजवलं तेव्हा चाल ओळखू यायची, पण गाणं हरवलेलं असायचं. माझ्या लेखी तो या गाण्याचा पहिला रिमिक्स :)

खरी रिमिक्सची लाट आली २००० च्या आसपास. २००२ साली 'कांटा लगा' आलं. मूळ गाणं १९७२ च्या 'समाधी'तलं, राहुलदेव बर्मन आणि लताबाईंचं. नव्या व्हिडिओतली शेफाली जरीवाला घराघरांत पोचली, पण नवीन आवाज कोणाचा हे आमच्या वरातीत कोणालाच ठाऊक नव्हतं.

आता गंमत बघा. हे सगळं चोरून चाललेलं नव्हतं. तेव्हाच्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात सोय होती. मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षं उलटली की नोटीस द्या, रॉयल्टी भरा आणि तेच गाणं नव्याने मुद्रित करा. पण ही सोय शब्द आणि चालीपुरती. मूळ ध्वनिमुद्रण वापरायचं तर त्याच्या मालकाची वेगळी परवानगी हवी. म्हणजे रिमिक्समध्ये जुना आवाज गायब होतो, त्यामागे आवडनिवड असेलही, पण कायद्याने स्वस्त वाट तीच ठेवली होती. २०१२ च्या दुरुस्तीने दोन वर्षांची पाच झाली आणि मूळ गाण्यातल्या मनमानी फेरफारांवरची आडकाठीही आणखी घट्ट झाली.

त्याच २०१२ साली 'स्टुडंट ऑफ द इयर'मध्ये 'डिस्को साँग' आलं. त्याचा आधार बिद्दू आणि नाझियाचंच १९८१ चं 'डिस्को दिवाने'. विशाल-शेखरने सुनिधी चौहान आणि बेनी दयाल यांच्याकडून गाऊन घेतलं, पण नाझियाचा मूळ आवाजही ठेवला, आणि श्रेयात तिचं नावही. नाझिया १३ ऑगस्ट २००० रोजी लंडनमध्ये कर्करोगाने गेली होती, पस्तिसाव्या वर्षी. बारा वर्षांनी आमच्या भाचरांनी तिचा आवाज ऐकला तो या गाण्यात.

पुढे २०१७ मध्ये 'रईस'ने 'कुर्बानी'तलंच 'लैला ओ लैला' घेतलं, पावनी पांडेच्या आवाजात. आणि २०२२ मध्ये 'अॅन अॅक्शन हिरो'त खुद्द 'आप जैसा कोई' परतलं. तनिष्क बागचीचं संगीत, झहरा खान आणि अल्तमश फरीदीचे आवाज, पडद्यावर मलायका अरोरा. ठेका दणदणीत आहे, नाचायला मस्त. पण तो विहिरीतला आवाज नाही.

रिमिक्सला नाकं मुरडणाऱ्यांतला मी नाही. चाल हातोहात फिरली म्हणूनच लंडनचं गाणं कन्हानच्या बँडपर्यंत पोचलं. पण जे गाणं मुळात आवाजाच्या पोतावरच उभं आहे, त्यातून तो आवाज काढला की मागे उरते ती नुसती ओळखीची धून. आणि पंधरा वर्षांची ती पोरगी दुसऱ्यांदा जाते, या वेळी श्रेयनामावलीतून.

असो. नातेवाईकांपैकी कोणाच्या माळ्यावर 'डिस्को दिवाने'ची जुनी कॅसेट पडून असेल तर टाकून देऊ नका. कळवा, टेप घेऊन येतो. चहा मात्र तुमच्याकडे!