रास्ना नेमकी कोणती?

महारास्नादि काढा आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. कंबर धरली, गुडघे दुखू लागले की त्याची आठवण होते. चरकसंहितेत वातहर औषधांमध्ये रास्नेला पहिला मान आहे. पण रास्ना म्हणजे कोणती वनस्पती, हे विचारलं की उत्तर प्रांतागणिक बदलतं.

खामगावात मी दोन दुकानांत रास्ना मागितली. एकानं वाळका पाला बांधून दिला, दुसऱ्यानं मुळांचे तुकडे. दोघंही म्हणाले, "हेच रास्ना!" दोघंही खोटं बोलत नव्हते. उत्तरेत रेताड जमिनीतलं प्लुचिया नावाचं झुडूप रास्ना म्हणून चालतं, केरळात आल्याच्या कुळातलं कुलिंजन, तर बंगालात एक ऑर्किड.

हे ऑर्किड आपल्या सातपुड्यातही झाडांच्या फांद्यांवर वाढतं. पिवळट फुलं, त्यांवर तपकिरी जाळी. पुष्कळ जण त्याला बांडगूळच समजतात. ते यजमान झाडाचा रस मात्र पीत नाही, लोंबत्या मुळांनी हवेतला ओलावा टिपतं. गंमत अशी, की सर विल्यम जोन्स यांनी बांडगुळाचंच संस्कृत नाव 'वंदा' या ऑर्किडाला लावलं. त्यांचं टिपण 1795 साली छापलं गेलं. त्याच वर्षी रॉक्सबर्ग यांच्या ग्रंथात त्याचं चित्र आलं, आणि 1820 मध्ये रॉबर्ट ब्राऊन यांनी 'वांडा' ही प्रजात पक्की केली. पुढे 1890 ते 1893 या काळात निघालेल्या डायमॉक, वॉर्डन आणि हूपर यांच्या औषधिग्रंथातही रास्नेच्या नावाखाली ऑर्किडाची मुळं आहेत.

आता प्रयोगशाळेकडे वळू. या वांडाचा अर्क जांभळ्या रंगाच्या एका द्रावणात घातला की रंग उतरून पिवळा होतो. अर्कातली फिनॉलं आणि फ्लॅव्होनॉइडं त्या द्रावणातल्या अस्थिर रेणूंना शांत करतात. यालाच अँटिऑक्सिडंट गुण म्हणतात. गुण खरा आहे, पण तो दिसला परीक्षानळीत. त्यावरून गुडघा बरा होईल असं ठरत नाही. शिवाय तो दिसला वांडात. पुडीत प्लुचियाचा पाला असेल, तर त्या निष्कर्षाचा तिच्याशी संबंधच नाही.

मुळं हवीत म्हणजे रोपटं ओरबाडणं आलं. ऑर्किडाच्या धुळीएवढ्या बीजात अन्नाचा साठा नसतो. रुजायला त्याला बुरशीची सोबत लागते आणि वाढ फार संथ असते. भारतीय आयुर्वेदिक औषधिसंहितेत रास्ना म्हणून प्लुचियाची पानं नोंदलेली आहेत. तेव्हा काढ्यासाठी सातपुड्यातल्या झाडावर चढायची गरज उरलेली नाही.