डाल्टन योजना

डाल्टन योजना ही विद्यार्थ्याला आपल्या अभ्यासाचा क्रम, वेग आणि वेळेची वाटणी स्वतः ठरवू देणारी शिक्षणपद्धती आहे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ हेलन पार्कहर्स्ट यांनी ती विकसित केली. मॅसॅच्युसेट्स राज्यातील डाल्टन या गावच्या हायस्कूलमध्ये १९२० साली ती लागू झाली आणि गावाचेच नाव तिला चिकटले. पार्कहर्स्ट तिला ‘प्रयोगशाळा योजना’ म्हणत. काय शिकायचे हे या योजनेत शाळाच ठरवते. ते केव्हा, कोणत्या क्रमाने आणि किती वेळ देऊन शिकायचे, हे विद्यार्थी ठरवतो. त्यामुळे ‘वाटेल ते शिकण्याची मुभा’ असे तिचे जे वर्णन आढळते, ते बरोबर नाही.

उगम

पार्कहर्स्ट यांनी १९०४ साली विस्कॉन्सिनमधील एका खेड्यात शिकविण्यास प्रारंभ केला. तेथे आठ इयत्तांची चाळीस मुले एकट्या त्यांच्याकडे होती. एका इयत्तेला शिकवताना उरलेल्या सात इयत्तांनी काय करावे, हा प्रश्न तेथे रोजचाच होता. (महाराष्ट्रातील द्विशिक्षकी शाळांत काम केलेल्यांना तो वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.) मुलांना कामे लिहून द्यावीत व मोठ्यांनी लहानांना मदत करावी, ही कल्पना त्या गरजेतून निघाली. पुढे १९१४ मध्ये त्या रोमला मारिया मॉन्टेसरी यांच्याकडे गेल्या आणि काही काळ त्यांच्या सहकारी होत्या. १९२२ साली त्यांचा ‘एज्युकेशन ऑन द डाल्टन प्लॅन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

कार्यपद्धती

वर्षाचा अभ्यासक्रम महिन्यांत विभागला जातो. महिन्याच्या आरंभी प्रत्येक विषयाचा लेखी स्वाध्याय विद्यार्थ्याच्या हाती पडतो. त्यात वाचावयाचे भाग, सोडवावयाचे प्रश्न, लेखनकाम आणि संदर्भग्रंथ नमूद असतात. हे काम महिन्यात पुरे करण्याचे विद्यार्थी मान्य करतो. यास ‘करार’ म्हणतात. वर्गखोल्यांची जागा विषयांच्या ‘प्रयोगशाळा’ घेतात. इतिहासाची खोली, गणिताची खोली, भाषेची खोली अशा प्रत्येक ठिकाणी त्या विषयाचा शिक्षक व पुस्तके असतात. सकाळच्या वेळात घंटा व तासिका नसतात. गणितात रमलेल्या मुलाला अर्ध्यावर उठावे लागत नाही आणि इतिहासात मागे पडलेली मुलगी सबंध सकाळ इतिहासाला देऊ शकते. एकाच खोलीत निरनिराळ्या इयत्तांची मुले शेजारी बसलेली दिसतात. सामूहिक चर्चेसाठी ठरावीक वेळी वर्ग एकत्र येतो.

या मोकळिकीला एक महत्त्वाचा लगाम आहे. सर्व विषयांचे महिन्याचे काम संपल्याखेरीज कोणत्याही विषयाचा पुढील महिन्याचा स्वाध्याय मिळत नाही. आवडीच्या विषयात पुढे धावून नावडता विषय टाळण्याची वाट त्यामुळे बंद होते. महिन्याचे काम वीस दिवसांच्या हिशेबाने मोजून आलेखांवर नोंदले जाते. त्यांपैकी एक आलेख विद्यार्थ्यापाशी असतो आणि तो स्वतःच भरतो. आपण कोठे मागे आहोत हे शिक्षकांच्या आधी विद्यार्थ्याला कळावे, हा त्यामागचा हेतू. योजनेचे खरे बळ या नोंदवहीत आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

प्रसार

इंग्लंडमध्ये लंडनच्या स्ट्रेथम भागातील मुलींच्या माध्यमिक शाळेत मुख्याध्यापिका रोझा बॅसेट यांनी ही पद्धत आरंभीच स्वीकारली. १९२४ मध्ये पार्कहर्स्ट जपानला गेल्या. टोकियोतील सेइजो शाळेत योजनेचे प्रयोग झाले. चीनमध्येही त्याच दशकात ती पोहोचली. नेदरलँड्समध्ये ती सर्वाधिक रुजली असून तेथे आजही अनेक शाळा स्वतःला ‘डाल्टन शाळा’ म्हणवतात.

सोव्हिएत रशियातील अनुभव सर्वांत बोधप्रद आहे. तेथे १९२०च्या दशकात तिचे रूपांतर ‘प्रयोगशाळा-तुकडी पद्धती’त झाले. काही विद्यार्थ्यांची तुकडी मिळून काम करी आणि तुकडीतर्फे एकाने दिलेला वृत्तांत सर्वांचा मानला जाई. एक अभ्यास करी, बाकीचे उत्तीर्ण होत. १९३२ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीने ठराव करून ही पद्धत मोडीत काढली. मूळ योजनेतील वैयक्तिक करार व वैयक्तिक आलेख या रूपांतरात बाजूला पडले होते, हे टीकाकार बहुधा लक्षात घेत नाहीत.

मर्यादा

स्वाध्याय लिहिणे हे या योजनेतील सर्वांत अवघड काम होय. तो नीट लिहिला नाही, तर पाठ्यपुस्तकातील उत्तरे उतरवून काढण्यापलीकडे काही घडत नाही. वाचनात कच्च्या मुलांना लेखी सूचनांचाच अडसर होतो. कविता, गायन, संभाषण यांसारख्या ज्या गोष्टी अनेकांनी मिळून अनुभवायच्या, त्यांना एकट्याने पुऱ्या करावयाच्या कामाचे रूप शोभत नाही. प्रत्येक विषयासाठी स्वतंत्र खोली, पुरेशी पुस्तके आणि मोजकी विद्यार्थिसंख्या हवी, ही अडचण तर उघडच आहे.

भारतातील स्थान

महाराष्ट्रातील शिक्षक-प्रशिक्षणाच्या पुस्तकांत डाल्टन योजना मॉन्टेसरी व प्रकल्प पद्धतींच्या शेजारी शिकवली जाते. प्रत्यक्ष माध्यमिक शाळेत मात्र तासिकांचे वेळापत्रक आणि शालान्त परीक्षा यांमुळे तिला फारसा वाव मिळालेला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिक स्तरावर कला, शारीरिक शिक्षण व व्यवसायकौशल्ये यांसह विषय निवडण्याची अधिक मोकळीक सुचवली आहे. ती निवड विषयांची आहे. ठरलेल्या विषयाला आज किती वेळ द्यावा, हा डाल्टन योजनेतील निर्णय शाळेच्या वेळापत्रकाकडेच राहतो.