ब्रुकलँड्स ते हवाना : इंजिन पुन्हा बांधण्याची गोष्ट

१९०८ सालच्या फेब्रुवारीअखेरीस इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या ब्रुकलँड्स या शर्यतीच्या मैदानावर, एक वेगळीच कसोटी सुरू झाली. तिथे शर्यत नव्हती. अमेरिकेहून आलेल्या कॅडिलॅक कंपनीच्या एका सिलिंडरच्या तीन मोटारी रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली पूर्णपणे सुट्या केल्या गेल्या. प्रत्येक गाडीचे ७२१ भाग. तिन्ही गाड्यांच्या भागांचा एकच ढीग केला, तो नीट कालवला. त्यातले ८९ भाग बाजूला काढून त्यांच्या जागी विक्रेत्याच्या गोदामातले कोरे भाग ठेवले. मग मेकॅनिकांना पाने, पेचकस अशी साधी हत्यारे दिली आणि सांगितले, आता यातून तीन गाड्या बांधा. कानस वापरायची नाही.

शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची होती. त्या काळच्या युरोपीय मोटारी 'जुळवून' बनवल्या जात. एक भाग तयार करायचा, दुसरा त्याला लावून पाहायचा, अडला तर कानशीने घासायचा, पुन्हा लावायचा. कारागीर कुशल असे, गाडी उत्तम होई, पण तिचा भाग शेजारच्या गाडीला बसत नसे. ब्रुकलँड्सवर तीन गाड्या उभ्या राहिल्या. एकाच गाडीत वेगवेगळ्या रंगांचे भाग असा त्यांचा अवतार होता. पण त्या चालू झाल्या आणि मैदानावर ५०० मैल धावल्या. या कामगिरीबद्दल कंपनीला ड्यूअर करंडक मिळाला.

कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड हे बंदुका आणि अचूक यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यांत तयार झालेले गृहस्थ. त्यांची युक्ती हाताच्या कौशल्यापेक्षा मापात होती. भाग दुसऱ्या भागाला लावून पाहायचा नाही, दोघांनाही स्वतंत्रपणे एकाच गेजला लावून पाहायचे. गेजच्या एका टोकात भाग गेला पाहिजे आणि दुसऱ्या टोकात जाता कामा नये. या दोन टोकांमधल्या बारीक फरकात बसणारा प्रत्येक भाग मग दुसऱ्या कुठल्याही गाडीला चालतो. विज्ञानाच्या तासाला 'मापनातील त्रुटी' हा धडा आपण घाईने उरकतो. खरे तर किती चूक चालेल हे आधी ठरवणे, हाच त्या कारखान्याचा पाया होता.

मात्र ब्रुकलँड्सवर उतरवलेली इंजिने कोरी होती. लाखभर मैल पळालेल्या इंजिनाचे काय?

इंजिन झिजते, पण सगळीकडे सारखे झिजत नाही. दट्ट्या सिलिंडरच्या मधल्या भागातून वेगाने सरकतो तेव्हा त्याच्या रिंगा आणि भिंत यांच्यामध्ये तेलाचा थर टिकून राहतो. वरच्या टोकाला मात्र तो क्षणभर थांबून दिशा बदलतो. गती नाही म्हणजे तेलाचा थर पातळ. त्यातच तिथे उष्णता सर्वांत जास्त आणि ज्वलनाचा दाब रिंगेला मागून भिंतीवर रेटत असतो. म्हणून भोक वरच्या बाजूला जास्त रुंदावते. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका असताना दट्ट्या एका बाजूला दाबला जातो, त्यामुळे भोक किंचित लंबगोलही होते. परिणाम आपण रस्त्यावर पाहतोच : निळसर धूर, तेल खाणे, चढावर दम लागणे.

अमेरिकन कारखान्यांनी या झिजेचीही तरतूद केली होती. शेव्हरोलेचे १९५५ साली आलेले व्ही-८ इंजिन घ्या. भोक ३.७५ इंच, दट्ट्याची धाव ३ इंच, सिलिंडर आठ. मुलांना आकारमान काढायला सांगा, २६५ घन इंच येईल, आणि इंजिनाचे नावही तेच होते. आधीच्या सहा सिलिंडरी इंजिनापेक्षा ते हलके होते आणि साध्या स्वरूपातही १६२ अश्वशक्ती देत होते. १९५७ साली भोक एक सूत, म्हणजे १/८ इंच वाढवून त्याचे २८३ घन इंच केले गेले. इंधन फवारणीची जोड दिलेल्या त्याच्या सर्वांत जोरकस प्रकाराची शक्तीही २८३ अश्वशक्ती सांगितली जाई. वेगाच्या शौकिनांचे हे लाडके इंजिन.

ते झिजले की 'रिबोअर' करायचे. भोक पुन्हा गोल आणि सरळ होईपर्यंत कातायचे आणि तेवढा मोठा दट्ट्या बसवायचा. वाढीव दट्टे ठरावीक मापांचेच मिळत. २०, ३० किंवा ४० 'थाउ' म्हणजे इंचाचे हजारावे भाग. ३० थाउ म्हणजे सुमारे पाऊण मिलिमीटर. क्रँकचे उलटे : तो घासून बारीक करायचा आणि बेअरिंगच्या वाट्या तेवढ्या जाड घ्यायच्या. भिंत फार पातळ झाली तर भोकात नवी स्लीव्ह ठोकून पुन्हा मूळ मापावर यायचे. थोडक्यात, झिजलेले इंजिनही गेजच्या भाषेतच पुन्हा बांधले जाई. गृहीत एकच होते, की त्या मापाचा दट्ट्या कुणाच्या तरी कपाटात आहे.

क्यूबात हे गृहीत कोसळले. १ जानेवारी १९५९ रोजी क्रांती झाली तेव्हा हवानाच्या रस्त्यांवर अमेरिकन मोटारींची दाटी होती. अमेरिकेचा किनारा जेमतेम दीडशे किलोमीटरवर. गाड्या बोटीने येत, सुटे भागही तसेच येत. ऑक्टोबर १९६० मध्ये अमेरिकेने क्यूबाला होणारी बहुतेक निर्यात बंद केली, फेब्रुवारी १९६२ मध्ये व्यापारबंदी पुरती झाली. गाड्या राहिल्या, कपाट गेले. ब्रुकलँड्सचे ते ८९ भाग कुणी उचलून नेले आणि बदली भाग दिलेच नाहीत, असे समजा.

या गाड्या मोडीत का निघाल्या नाहीत, याचे कारण भावनिक कमी आणि कायदेशीर जास्त आहे. क्रांतीपूर्वीच्या गाड्याच तिथे खुलेपणाने विकता-घेता येत. हा नियम २०११ साली सैल झाला. नंतरच्या सोव्हिएत गाड्या बहुतेक सरकारी वाटपातून मिळत. साहजिकच जुनी शेव्हरोले ही घरातली मालमत्ता होती, अनेकांची तर ती रोजची भाकरी होती. शेअर टॅक्सी म्हणून चालणाऱ्या या गाड्यांना तिथे 'अल्मेंद्रोन', म्हणजे मोठा बदाम, म्हणतात. अशा सुमारे ६०,००० गाड्या टिकून असल्याचा अंदाज नेहमी दिला जातो. त्यांच्या मैलमापकाला आकडे पाचच. ९९,९९९ नंतर तो पुन्हा शून्यावर येतो, आणि असे कितीदा झाले याचा हिशेब ठेवण्यात अर्थ नसतो.

मग हवानाचा मिस्त्री काय करी? तो १९०८ च्या आधीच्या काळात गेला. सोव्हिएत व्होल्गा, मोस्कविच, लाडा यांचे भाग लेथवर कातून बसवायचे, गॅस्केट हाताने कापायचे, एका भागाला दुसरा जुळवायचा. गाडी चाले, पण तिचा भाग शेजारच्या गाडीला बसण्याची खात्री संपली.

तरीही अंदाजपंचे काम होत नाही. भोक मोजण्याचे खास उपकरण नसले तरी जगभरचे मिस्त्री एक युक्ती वापरतात, आणि वर्गात π शिकवताना ती आवर्जून सांगावी. दट्ट्याची रिंग अखंड नसते, तिच्या टोकांत छोटी फट असते. ती रिंग उघड्या सिलिंडरात, न झिजलेल्या तळाशी आडवी बसवून फट फीलर गेजने मोजायची. मग वर, सर्वाधिक झिजेच्या जागी मोजायची. समजा तळाशी फट ०.४० मिमी आणि वर १.०३ मिमी. फरक ०.६३, त्याला ३.१४ ने भागा : व्यास ०.२ मिमीने वाढला आहे. परीघ व्यासाच्या π पट वाढतो, म्हणून फट झिजेला तिप्पट मोठी करून दाखवते. रिंग स्वतः झिजलेली असली तरी बिघडत नाही, कारण दोन्ही ठिकाणी तीच वापरली आहे. हे वर्गात करायला स्टीलचा वर रुंदावत जाणारा पेला पुरतो. तळाशी आतून टोकाला टोक भिडेल एवढी कागदाची अरुंद पट्टी कापा, ती भिंतीला चिकटवत वर सरकवा आणि फट मोजा. दोन्ही ठिकाणचे व्यास पट्टीने मोजून पडताळाही घेता येईल.

मापाने एवढे साधले तरी ताकदवान व्ही-८ ला दुसऱ्याच गोष्टीने गाठले. मिश्रण जितके जास्त दाबावे तितकी शक्ती जास्त, पण त्यासाठी पेट्रोलही चांगल्या ऑक्टेनचे हवे. हलक्या पेट्रोलवर इंजिन 'ठोके' देते, आणि ते तसेच चालवले तर दट्टे फुटतात. जाड गॅस्केट घालून दाब कमी करता येतो, पण मग शक्ती जाते आणि तहान मात्र राहते. १९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला, क्यूबाला मिळणारे तेल आटले, आणि आठ सिलिंडर पोसणे परवडेनासे झाले. अनेक गाड्यांतून व्ही-८ उतरले आणि चार सिलिंडरी डिझेल इंजिन बसले. कधी ट्रकचे, कधी ट्रॅक्टरचे किंवा बोटीचे. गिअरबॉक्सशी जोडायला जाड पोलादी तबकडी कातायची, माउंटिंगे नवी बनवायची. वेग गेला, लिटरमागे अंतर वाढले.

आपल्याकडेही हे अनोळखी नाही. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात स्वातंत्र्याच्या सुमारास डॉज, प्लिमथ, डीसोटो गाड्यांची जुळणी होऊ लागली. पुढे परकीय चलनाच्या टंचाईत आयात आवळली गेली, तेव्हा आपल्या मिस्त्रींनीही अशा कित्येक गाड्यांत डिझेल इंजिने बसवली.

हवानाच्या गाड्यांना 'चालते संग्रहालय' म्हणण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. संग्रहालयातली वस्तू झिजत नाही. इथे दर फेरीला थोडे लोखंड जाते, आणि मालकाच्या कुटुंबाचा महिना त्या लोखंडावर अवलंबून असतो. जुगाडाचे कौतुक करतानाही काळा धूर आणि भरवशाचे नसलेले ब्रेक विसरू नयेत.

गेल्या काही वर्षांत पर्यटकांना फिरवणाऱ्या काही मालकांना मूळ इंजिनाकडे परतणे शक्य झाले. शेव्हरोलेच्या त्या व्ही-८ चे दट्टे, रिंगा, बेअरिंगे अमेरिकेत आजही नवी बनतात. फ्लॉरिडातले नातेवाईक भेटीला येताना ती सामानात घालून आणतात. मात्र त्यांना यादी देण्याआधी इकडे इंजिन उतरवून, भोक मोजून ठरवावे लागते : २० थाउ, ३० की ४०? कारण पुढची बॅग कधी येईल, याचा भरवसा नसतो.