परळीच्या वाघिणींची कुळकथा

आगगाडीच्या खेळातली जुनी मालवाहू वाघीण हाती लागली, की ती आधी उलटी करावी. तिची खरी ओळख पोटाखाली असते. ओतीव धातूच्या चौकटीवर मेकॅनो लिमिटेडचं नाव उमटलेलं असेल, तर ती लिव्हरपूलची हॉर्न्बी डब्लो. हे घराणं १९३८ साली सुरू झालं. वरचं अंग छापील पत्र्याचं असेल तर ती डब्लोमधली वडीलधारी पिढी समजावी. अंग आणि तळ दोन्ही प्लास्टिकचे आणि नाव ट्राय-अँग असेल, तर ती मार्गेटच्या कारखान्यातली. १९६४ साली ट्राय-अँगच्या मालकांनी, म्हणजे लाइन्स ब्रदर्सनी, मेकॅनो कंपनीच विकत घेतली. पुढच्या वर्षापासून डब्यांवर ‘ट्राय-अँग हॉर्न्बी’ असं जोडनाव आलं आणि १९७२ पासून ‘हॉर्न्बी रेल्वेज’. त्यामुळे नुसतं नाव वाचून वाघिणीचं वय ढोबळमानाने सांगता येतं.

ही झाली खेळण्याची जात. बीड जिल्ह्यातल्या माणसाला पुढचा प्रश्न पडतो तो वेगळा. परळी वैजनाथचं यार्ड टेबलावर उभं करायचं असेल, तर ही इंग्लंडची वाघीण तिथे उभी राहील का? पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ साली लघुरेल्वेचं संग्रहालय उघडलं. तिथे १:८७ या प्रमाणातली अख्खी दुनिया धावताना पाहून आलेल्या कितीतरी पोरांच्या मनात हा प्रश्न घर करून राहिलेला असेल. भारतीय मालगाड्यांच्या तयार प्रतिकृती मोजक्याच मिळतात. जुन्या परदेशी वाघिणीला आपलं रूप देणं हाच बहुतेकांचा मार्ग. पण कोणत्या वाघिणीला कोणतं रूप द्यायचं, हे ठरवायला परळीच्या खऱ्या वाघिणींचं कूळ शोधावं लागतं.

परळी हे दोन रुळांच्या भेटीचं ठिकाण. विकाराबादहून बीदर, उदगीर, लातूर रोड, घाटनांदूर करत येणारी ब्रॉडगेज आणि परभणीहून गंगाखेडमार्गे येणारी मीटरगेज, दोन्ही निजामाच्या काळात, १९३०च्या आगेमागे इथे येऊन भिडल्या. एका बाजूला १६७६ मिलिमीटर अंतराचे रूळ, दुसऱ्या बाजूला १००० मिलिमीटरचे. गेज बदललं की माल उतरवून दुसऱ्या वाघिणीत चढवणं आलंच. १९९०च्या दशकात परभणीचा फाटा रुंद झाला आणि मीटरगेज वाघिणी परळीतून नाहीशा झाल्या. तिसरं गेज जिल्ह्याच्या शिवेबाहेर, पण हाकेच्या अंतरावर होतं. बार्शी लाइट रेल्वे कुर्डुवाडीहून बार्शीला १८९७ मध्ये आणि लातूरला १९११ मध्ये पोचली. तिच्या रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर.

हे तिन्ही रूळ १:८७ मध्ये मांडून पाहा. नॅरोगेज पावणेनऊ मिलिमीटर होतं, मीटरगेज साडेअकरा, ब्रॉडगेज एकोणीसच्या थोडं वर. बाजारात नऊचे आणि बाराचे रूळ मिळतात, म्हणजे बार्शी आणि परभणीची सोय झाली. अडचण येते ती ब्रॉडगेजची, कारण तयार रूळ साडेसोळाचे असतात. ते युरोपच्या १४३५ मिलिमीटर गेजसाठी काढलेले. आपली गाडी त्यावर पावणेतीन मिलिमीटर अरुंद पायांवर उभी राहते. रूळ स्वतः घालणारे थोडेच असतात. बाकीच्यांनी ही तफावत मान्य करून निदान वरचं अंग बिनचूक करावं, असं माझं मत आहे.

आणि इथेच जुनं इंग्रजी खेळणं अनपेक्षितपणे कामाला येतं. डब्लो आणि ट्राय-अँगची वाघीण १:७६ या प्रमाणातली आहे. ब्रिटनची आठ फूट रुंदीची वाघीण त्यात ३२ मिलिमीटर रुंद होते. तीच १:८७ च्या फुटपट्टीने मोजली तर २.७८ मीटर भरते. आपल्या ब्रॉडगेज वाघिणी ब्रिटनच्या वाघिणींपेक्षा रुंदच होत्या. तिथे थोराड वाटणारी वाघीण परळीच्या फलाटाशी शोभून दिसते.

शोभण्यामागे नातंही आहे. भारतातली चारचाकी वाघीण ब्रिटिश घाटाचीच. दोन आस, त्यावर कमानीच्या पट्ट्या, चारी कोपऱ्यांना धक्के झेलणारे बफर, मध्ये आकडा आणि फिरकीची साखळी, ब्रेक व्हॅक्यूमचा. कापसाच्या गाठी आणि धान्य झाकलेल्या वाघिणीत, कोळसा-खडी उघड्या वाघिणीत. खेळण्यातली वाघीण आणि निजाम स्टेट रेल्वेची वाघीण या एकाच आज्याच्या नाती. म्हणून १९३० ते १९६० च्या दरम्यानचं परळी उभं करायचं असेल तर जुनी चारचाकी वाघीण निःशंक घ्यावी.

सुधारणा करताना पहिलं काम चाकांचं. डब्लोची सुरुवातीची ओतीव चाकं तीन रुळांच्या काळातली असतात आणि त्यांच्यात विद्युतरोधक नसतो. आजच्या दोन रुळांवर अशी वाघीण ठेवली की लगेच शॉर्टसर्किट. ट्राय-अँगच्या प्लास्टिक चाकांना ही भीती नाही, पण ती रुळांवरची घाण गोळा करतात. दोन्हींच्या जागी एका बाजूने रोधक असलेली धातूची चाकं बसवावीत आणि दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर कॅलिपरने साडेचौदा मिलिमीटरला किंचित कमी ठेवावं. त्यानंतर ट्राय-अँगचा तो रुंद, पुढे आलेला आकडा काढावा. चेहरा तेवढ्यानेच निम्मा बदलतो. मग रंग, आणि रंगावर मालकाची अक्षरं. १९५१ च्या नोव्हेंबरपर्यंत निजाम स्टेट रेल्वे. ती मध्य रेल्वेत विलीन झाल्यावर ‘म रे’. २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे जन्मल्यावर ‘द म रे’. मात्र छापील पत्र्याची, धडकी डब्लो हाती आली तर तिच्यावर ब्रश लावू नये. तो छापील पत्राच तिचा इतिहास आहे. कामासाठी कोपरा फुटलेली ट्राय-अँग शोधावी.

मीटरगेजसाठी हेच अंग चालत नाही. तिथे कोपऱ्यांचे बफर नसतात, मध्ये एकच बफर आणि त्यातच आकडा. अरुंद तळ घेऊन त्याच्यावर नवं अंग बांधावं लागतं. हे काम वेळखाऊ आहे, पण परळी-परभणी फाट्याची ती एकच खूण आता उरणार असल्याने मला ते सर्वांत मोलाचं वाटतं.

परळीच्या यार्डाचं रूप पालटलं ते कोळशाने. १९७१ मध्ये औष्णिक वीजकेंद्र सुरू झालं तेव्हा ३० मेगावॉटचे दोन संच होते. १९८० च्या दशकात २१० मेगावॉटचे संच धडधडू लागले आणि त्यांच्या भुकेला चारचाकी वाघीण पुरी पडेना. इथे दुसरं कूळ येतं, आणि ते ब्रिटिश नाही. आठ चाकांची, दोन बोगींवरची उघडी ‘बॉक्स’ वाघीण १९६०च्या सुमारास भारतात आली. तिच्या टोकाला बफर-साखळीच्या जागी बंद मुठीसारखा मधला जोड होता, अमेरिकेच्या मालगाड्यांत रुळलेला. पुढे १९८०च्या दशकात तिची एअरब्रेकवाली धाकटी बहीण ‘बॉक्स-एन’ आली. तिच्या कॅसनब बोगीत दोन ओतीव बाजू आणि त्यांना जोडणारा एक बोल्स्टर असतो. ही घडणही अमेरिकेतलीच. म्हणून बॉक्स-एनचा पाया शोधताना डब्लोच्या पेटीकडे पाहू नये. अमेरिकी मालगाडीच्या जुन्या प्रतिकृतीची बोगी आणि केडी कंपनीचा मधला जोड घ्यावा. तो जसाच्या तसा बसतो. बॉक्स-एन जोडासकट १०.७१३ मीटर लांब, ३.२ मीटर रुंद, ३.२२५ मीटर उंच. १:८७ मध्ये अनुक्रमे १२३, ३७ आणि ३७ मिलिमीटर. बहुतेक तयार अमेरिकी उघडे डबे याहून लांब असतात. तेव्हा बोगी त्यांची आणि अंग प्लास्टिक पत्र्याचं, ही जोडी मला सर्वांत विश्वासाची वाटते.

वजनाकडे फार थोडे लक्ष देतात. तयार वाघीण हलकी असते आणि वळणावर मधूनच उडते. अमेरिकेतल्या हौशी मंडळींच्या संघटनेचा जुना दंडक आहे: मूळ एक औंस आणि लांबीच्या प्रत्येक इंचामागे अर्धा औंस. आपल्या बॉक्स-एनला हे ९७ ग्रॅमच्या आसपास येतं. आता खरी वाघीण पाहा. कोळशाने भरून ती ८१.२८ टन होते. ८७ चा घन करून भागलं तर १२३ ग्रॅम. रिकामी साडेबावीस टनांची, म्हणजे ३४ ग्रॅम. दंडकाचा आकडा या दोहोंच्या मधे, भरलेल्या वाघिणीकडे झुकलेला आहे. तळाशी शिशाची पट्टी चिकटवावी, वर थर्माकोलचा ठोकळा आणि त्यावर दगडी कोळशाचा बारीक चाळलेला चुरा पातळ फेव्हिकॉलने बसवावा. काळा रंग फासलेला थर्माकोल ओळखू येतो. कोळशाच्या तुकड्याची चमक रंगाला येत नाही.

अंगावर क्रमांक घालताना काळ सांभाळावा लागतो. अकरा आकड्यांची आजची पद्धत २००३ पासूनची. पहिले दोन आकडे जातीचे: १० ते २९ उघडी, ३० ते ३९ झाकलेली, ४० ते ४९ टाकी, ५० ते ५९ हॉपर. पुढचे दोन मालक रेल्वेचे, दक्षिण मध्यसाठी ०९. त्यापुढे बांधणीचं वर्ष, मग चार आकडी अनुक्रमांक आणि शेवटी पडताळ्याचा आकडा. नमुन्यासाठी १२ ०९ ०८ १२३५ घेऊ. सम स्थानांवरच्या आकड्यांची बेरीज २६, तिची तिप्पट ७८. विषम स्थानांची बेरीज ५. मिळून ८३. पुढच्या दशकाला, ९० ला, सात कमी, म्हणून अकरावा आकडा ७. खऱ्या यार्डात चुकीची नोंद पकडायला हा आकडा असतो. १९८५ च्या परळीत उभ्या केलेल्या वाघिणीवर अकरा आकडे दिसले, तर कितीही सुबक काम असलं तरी ते फसलं.

बार्शीच्या वाघिणींचं कूळ सर्वांहून निराळं. एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंजिनिअरने लीड्सजवळ न्यूले इथे आधी चाचणी घेतली आणि मग त्या गाड्या आपल्या दुष्काळी पठारावर आणल्या. त्याचा आग्रह असा की इंजिन असो की वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ नये. हलक्या रुळांवर सगळ्या गाड्या सारख्याच चालाव्यात म्हणून वाघिणींच्या चौकटी दाबून घडवलेल्या पोलादाच्या होत्या. वजनाला हलक्या आणि पोटात जास्त माल घेणाऱ्या. इंग्लंडमधली लीक अँड मॅनिफोल्ड ही अरुंद रेल्वे काल्थ्रॉपनेच नंतर, १९०४ साली साकारली. तिच्या प्रतिकृती तिकडच्या हौशी लोकांनी जिव्हाळ्याने जपल्या आहेत. बार्शीची वाघीण बांधायला बसणाऱ्याने तिकडची चित्रं आणि आराखडे आधी मिळवावेत.

बार्शीचा हा मार्ग २००८ पर्यंत लातूरपासून कुर्डुवाडीपर्यंत ब्रॉडगेज झाला. एप्रिल २०१६ मध्ये त्याच मार्गाने मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या धनेगावला आहे आणि ते कोरडं पडलं होतं. त्याच दुष्काळात पाण्याअभावी परळीचं वीजकेंद्रही बंद होतं, म्हणजे कोळशाच्या वाघिणींना तिथे काम नव्हतं. पहिल्या गाडीला तेल वाहणाऱ्या दहा टाक्या होत्या, आतून वाफेने धुतलेल्या, आणि त्यांतून पाच लाख लिटर पाणी आलं. पुढच्या फेऱ्यांत टाक्या पन्नास झाल्या.

या टाक्या खेळण्यात सर्वांत सहज मिळतात, कारण युरोप-अमेरिकेच्या जवळपास प्रत्येक कंपनीने टाकीवाघीण काढलेली आहे. मात्र अंगावरच्या तेलकंपन्यांच्या खुणा आधी पुसाव्या लागतात, मधला जोड बसवावा लागतो आणि अकरा आकडी क्रमांक इथे मात्र हवाच. आता पुन्हा परळीकडे. १७ सप्टेंबर २०२५ ला अहिल्यानगर आणि बीड शहर यांच्यात पहिली प्रवासी गाडी धावली. बीडहून परळीपर्यंतचा दुवा जोडला गेला, की टेबलावरच्या परळीला तिसऱ्या बाजूने एक नवा रूळ घालावा लागेल, आणि त्या रुळावर चारचाकी वाघीण कधीच उभी करता येणार नाही.