मनाचे माप आणि माझगावचे मूल

मानसशास्त्राचा श्रीगणेशा महाराष्ट्रातील विद्यार्थी अकरावीच्या वर्गात करतो. स्मृती, भावना, बुद्धिमत्ता हे घरगुती शब्द तेथे त्याला प्रथमच शास्त्रीय अर्थाने भेटतात. परंतु शाळेच्या उंबऱ्याच्या आत हे शास्त्र आले ते मास्तरांच्या टिपणवहीतून. पुढे जवळजवळ सत्तर वर्षे मूल हा या शास्त्राचा विषय होता. अभ्यासक होण्याचा मान त्यास फार उशिरा मिळाला.

लायप्झिग येथे वुंट याने १८७९ साली पहिली मानसशास्त्रीय प्रयोगशाळा उघडली. अमेरिकेत विल्यम जेम्स याची शिक्षकांसाठी दिलेली व्याख्याने १८९९ साली ग्रंथरूपाने निघाली. मुंबईस माध्यमिक शिक्षकांचे ट्रेनिंग कॉलेज १९०६ साली स्थापन झाले. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या पदवीधरास अध्यापनकलेबरोबर मनोव्यापारांचाही अभ्यास करावा लागू लागला. अवधान, सवय, स्मरण यांवरील प्रकरणे वाचून तो वर्गावर जाई. समोरच्या पोरांना ती लागू कशी करावयाची, हे मात्र ज्याचे त्याने पाहावयाचे.

या शास्त्राची खरी झळ मुलास लागण्याचा संभव निर्माण झाला तो बुद्धिमापनामुळे. पॅरिसच्या शाळांत जी मुले मागे पडत, त्यांना निराळे साहाय्य देता यावे म्हणून ती हुडकून काढण्याचे काम आल्फ्रेड बिने याजकडे आले, आणि सिमाँ याच्या सहकार्याने त्याने १९०५ साली प्रश्नांची एक चढती मालिका रचली. हेतू दयेचा होता. १९१६ साली कॅलिफोर्नियात टर्मन याने तिची सुधारलेली आवृत्ती काढली आणि तिजबरोबर एक सोपे गणितही रूढ केले : मुलाच्या मानसिक वयास खऱ्या वयाने भागावे व शंभराने गुणावे. आठ वर्षांच्या मुलाने सहा वर्षांच्या मुलाइतकीच उत्तरे दिली, तर उत्तर येते ७५. टर्मनच्या कोष्टकात सत्तर ते ऐंशीच्या दरम्यान येणारे मूल मतिमंदत्वाच्या सीमेवरचे गणले जाई.

आता ते प्रश्न पाहावे. सहाव्या वर्षी मुलाने निकेल, डाइम इत्यादी चार नाणी ओळखावयाची. सातव्या वर्षी नमुना पाहून बुटाच्या नाडीस मारतात तशी दुहेरी फासाची गाठ मारावयाची. भाऊच्या धक्क्यावर कोकणच्या बोटीतून उतरलेल्या आणि माझगावच्या गोदीत राबणाऱ्या बापाच्या खोलीवर राहावयास आलेल्या अनवाणी पोरापुढे ही कसोटी जशीच्या तशी ठेवली असती तर? चवली, पावली, अधेली त्याला अंधारातही चाचपून सांगता आली असती. डाइम त्याने जन्मात पाहिला नव्हता. कोळ्याचे पोर जाळ्याची गाठ बिनचूक मारी, त्याच वयाची मुलगी तीन पेडांची वेणी घाली. पण पायात बूटच नाही त्याला नाडीची गाठ कोठून यावी? दोन-चार अशा प्रश्नांवर गुण गेले, की हुशार पोर कागदावर मंद ठरावयाचे. आणि एकदा मास्तरांच्या वहीत ‘मंद’ असा शेरा पडला म्हणजे तो सहसा पुसला जात नाही, हे शाळेशी संबंध आलेल्या कोणासही सांगावयास नको.

या ठिकाणी डॉ. व्ही. व्ही. कामत यांचे नाव कृतज्ञतेने घेतले पाहिजे. कानडी व मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांनी टर्मनच्या कसोटीची नवी आवृत्ती सिद्ध केली. भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. असे काम नुसत्या भाषांतराने होत नाही. अमुक प्रश्न आपल्याकडील कोणत्या वयाच्या मुलांना सुटतो, हे प्रत्यक्ष मुले तपासूनच ठरवावे लागते. किचकट, वेळखाऊ आणि टाळ्या न मिळवून देणारा असा हा उद्योग आहे. पण परक्या शास्त्रास आपल्या घरात बसावयास पाट मिळतो तो अशाच उद्योगाने.

त्याच सुमारास माझगावाहून पायी जाता येईल इतक्या अंतरावर दुसरी एक गोष्ट घडत होती. नागपाड्यातील नेबरहूड हाउसमध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या नेतृत्वाखाली १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. या विद्यालयाने १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र काढले. भारतातील हे पहिलेच. हट्टी, भित्र्या किंवा शाळा चुकविणाऱ्या मुलास छडीऐवजी प्रश्न विचारून पाहावे, त्याचे घर आणि आईबाप समजून घ्यावे, ही कल्पना त्या काळी अनेक पालकांना चमत्कारिक वाटली असल्यास नवल नाही.

विद्यापीठात मानसशास्त्र दीर्घकाळ तत्त्वज्ञानाच्या पंखाखाली राहिले. मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग १९५९ साली निघाला. १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि अकरावी-बारावीचे वर्ग निराळे झाले, तेव्हा कोठे सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यास हा विषय घेण्याची वाट मोकळी झाली. बालभारतीने अकरावीचे नवे पुस्तक २०१९ साली आणि बारावीचे २०२० साली काढले. बारावीच्या पुस्तकात बुद्धिमत्तेवर स्वतंत्र प्रकरण आहे. ज्या गणिताने त्याच्या आजोबांची बुद्धी मोजली जाऊ शकली असती, तेच गणित नातू तेथे सोडवितो. ते पाठ करण्यापेक्षा त्यातील प्रश्न कोणी, कोठे आणि कोणत्या मुलांसाठी रचले, एवढे त्याने शिक्षकांना विचारले तरी पुष्कळ.

कारण हे काम एकदा करून संपणारे नाही. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धतीची नाणी आली, आणि पुढे चवलीही व्यवहारातून गेली. माझगावच्या आजच्या मुलापुढे ती ठेवली, तर तीही त्याला डाइमइतकीच परकी वाटेल.